ओढणाऱ्या गाडीचे टायर

या सदरात आम्ही बहुधा घरातील वस्तूंविषयी लिहितो. टायर ही काही घरातील वस्तू नव्हे. परंतु ज्या घराचा संसार चार टायरांवर उभा आहे, त्या घरात टायरची चर्चा धान्याच्या भावाइतकीच गंभीरपणे होते. अशी घरे आपल्या देशात आता थोडी नाहीत. भाजी, दूध, विटा, मंडपाचे सामान, जनरेटर वाहून नेणाऱ्या लहान मालगाड्या आज गावोगाव दिसतात, आणि त्यांतील पुष्कळशा कर्ज काढून घेतलेल्या असतात. टायर बदलण्याची वेळ आली की त्या कुटुंबाचे महिन्याचे सारे गणित विस्कटते. यास्तव या वेळी हा विषय घेतला आहे.

कोलकात्याच्या भवानीपूर भागात आमच्या गल्लीच्या तोंडाशी असे एक कुटुंब राहते. खाली गॅरेज आणि वर दोन खोल्या. गृहस्थ पन्नाशीचे असून सारी गल्ली त्यांना 'दादा' आणि त्यांच्या पत्नीला 'बौदी' म्हणते. आम्हीही तसेच म्हणतो. दादांकडे एक जुनी पिकअप गाडी आहे. तिच्या मागच्या हौद्यात त्यांनी रीतसर परवानगी घेऊन हाताने फिरवायची एक लहान क्रेन बसविली आहे. रात्री-अपरात्री कोणाची मोटार रस्त्यात बंद पडली की दादांना फोन येतो. ते जातात, बंद गाडीचे तोंड साखळीने वर उचलतात आणि तिला ओढत गॅरेजात आणून सोडतात. या कामाच्या गाडीस बंगालीत 'रेकर' म्हणतात. तो इंग्रजी शब्दाचा बंगाली अवतार आहे. आपण मराठीत ज्याला 'टोचन' म्हणतो तोही बहुधा 'टो-चेन' याचाच अपभ्रंश असावा. भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्यास अशा शब्दांचा मोह आवरत नाही. तथापि आता टायरांकडे वळू.

गेल्या श्रावणात हावड्याकडून एक बंद मोटार ओढून आणीत असता, विद्यासागर सेतूच्या चढणीवर दादांच्या गाडीचा मागील डावा टायर फुटला. मोटारीचे तोंड क्रेनला टांगलेले होते. साखळीवर लक्ष ठेवण्यासाठी त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा हौद्यात उभा होता. त्याने तसे उभे राहणेच मुळात चुकीचे होते, हे दादा आता स्वतःच सांगतात. गाडीने हिसका घेऊन शेपूट फिरविले, मुलाने क्रेनचा खांब धरला आणि त्याचे मनगट मोडले. मागून येणारी बस वेळेवर थांबली म्हणून एवढ्यावर निभावले. फुटलेला टायर जेमतेम सव्वा वर्षाचा होता. त्याच्या नक्षीची खोली अजून निम्म्याहून अधिक शिल्लक होती. "टायर गोटा झाला नव्हता, मग फुटला का?" हा प्रश्न दादा पुढे कित्येक दिवस प्रत्येकास विचारीत होते.

त्या वेळी एकच टायर बदलून त्यांनी काम चालू ठेवले. यंदा पावसाळ्यापूर्वी चारही टायर बदलण्याचे ठरले, तेव्हा गाडीबरोबर मिळालेली इंग्रजी पुस्तिका वाचून दाखविण्यासाठी त्यांनी मला बोलावले. पुस्तिका वाचता वाचता त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हा दोघांनाही हळूहळू उमगत गेले.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, भार वाहून नेतो तो टायर नव्हे. टायरमध्ये कोंडलेली हवा. रॉबर्ट टॉमसन याने हवेच्या टायरचे पेटंट १८४५ साली घेतले होते, पण ती कल्पना विस्मृतीत गेली. पुढे बेलफास्टमध्ये गुरांचा डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉप याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी ती पुन्हा शोधून काढली आणि १८८८ साली पेटंट घेतले. रबर, सूत आणि तार यांचे जे काही वेष्टन आपण विकत घेतो, ते केवळ त्या हवेला कोंडून धरणारे पात्र होय. कोणते पात्र किती दाबाची हवा सुखरूप धरू शकते, यावरच त्याने किती भार पेलावा हे ठरते.

कोलकात्यातील मनुष्यास हे सांगताना थोडा संकोच वाटतो, कारण या विद्येचे माहेर येथून फार दूर नाही. हुगळी नदीच्या काठी साहागंज येथे १९३६ साली डनलॉपचा कारखाना सुरू झाला आणि भारतातील टायरनिर्मितीचा पाया तेथे घातला गेला. त्याच जिल्ह्यात, हावडा-बंडेल रेल्वेमार्गावर अलीकडे, उत्तरपाड्यास ॲम्बॅसेडर मोटार बनत असे. एके काळी एकाच रेल्वेमार्गावर मोटारही तयार होई आणि तिचे टायरही. साहागंजच्या कारखान्यातील काम २०११ साली बंद पडले आणि उत्तरपाड्याचे २०१४ साली. दादांचे वडील साहागंजला कामाला होते. त्यामुळे टायर या विषयावर त्या घरात एक प्रकारचा वडिलोपार्जित अधिकार आहे, आणि फुटलेल्या टायरचे दुःखही थोडे अधिक आहे.

आता ओढण्याच्या कामाकडे येऊ. बैलगाडी हाकलेल्या मनुष्यास एक गोष्ट सांगावी लागत नाही. गाडीच्या मागच्या बाजूस अधिक ओझे लादले की धुरा वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहते. याला आपले शेतकरी गाडी 'उलाळ' झाली असे म्हणतात. पिकअप गाडीच्या मागच्या टोकास एखादे वजन टांगले की नेमके हेच होते. पुढची चाके जमिनीवरून उचललेली दिसत नाहीत, पण ती हलकी होतात. आणि मागच्या चाकांवर टांगलेल्या वजनापेक्षाही अधिक भार पडतो.

हा हिशेब आम्ही कागदावर मांडला. दादा गाडी वजनकाट्यावर घेऊन गेले आणि फक्त मागची चाके काट्यावर चढवून त्यांनी वजन करून आणले. क्रेन, साखळ्या, जॅक आणि अवजारे धरून मागच्या धुरीवर १,०२० किलो भरले. आता एखादी ॲम्बॅसेडर घ्या. अशा काही गाड्या या शहरात अजून उरल्या आहेत आणि बंद पडण्याच्या बाबतीत त्या मागे नाहीत. तिचे वजन अकराशे किलोंच्या आसपास. तिचे तोंड उचलले म्हणजे साखळीवर सुमारे साडेपाचशे किलो येतात असे धरू. क्रेनचे टोक पिकअपच्या मागच्या धुरीपासून सव्वा मीटरच्या थोडे आत, म्हणजे १.२ मीटर, मागे आहे. पुढच्या व मागच्या धुरींमधील अंतर ३ मीटर. तराजूच्या दांडीच्या न्यायाने पुढच्या चाकांवरून २२० किलो कमी होतात आणि तेच २२० किलो त्या साडेपाचशेंत मिळून मागच्या चाकांवर ७७० किलोंची भर पडते. एकंदर १,७९० किलो; म्हणजे मागच्या प्रत्येक टायरवर ८९५ किलो.

दादा बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी कोपऱ्यात ठेवलेला तो फुटका टायर ओढून आणला आणि कुशीवर साचलेली धूळ पुसली.

टायरच्या कुशीवर जी अक्षरे आणि आकडे उमटविलेले असतात, ती पुष्कळ लोक कंपनीची जाहिरात समजून सोडून देतात. वस्तुतः तो त्या टायरचा जन्मदाखला असतो. दादांच्या टायरवर २१५/७५ आर १५ असे लिहिले होते. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसरा सांगतो की कुशीची उंची रुंदीच्या शेकडा ७५ आहे. 'आर' म्हणजे रेडियल, आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. हा आकार सर्वांना ठाऊक असतो. दुकानदारही तेवढाच विचारतो. परंतु त्याच्या पुढे आणखी एक आकडा असतो आणि ओढणाऱ्या गाडीला खरे महत्त्व त्याचे आहे. त्याला भारांक म्हणावे. हा आकडा स्वतः किलो दाखवीत नाही. त्याचे किलो कोष्टकात पाहावे लागतात. भारांक ९७ असेल तर तो टायर ७३० किलो पेलतो, १०० असेल तर ८००, १०४ असेल तर ९००, १०६ असेल तर ९५०, आणि १०९ असेल तर १,०३०. मालवाहू टायरवर १०६/१०३ असे दोन भारांक जोडीने लिहिलेले आढळतात. पहिला धुरीच्या प्रत्येक टोकास एकेक चाक असताना लागू होतो, दुसरा जोडचाके असताना. भारांकानंतर येणारे अक्षर वेगाची मर्यादा सांगते. आमच्या शहरातील रहदारीत त्याची चिंता क्वचितच करावी लागते.

दादांच्या फुटलेल्या टायरवर भारांक होता १००. तो टायर मालवाहू गाडीचा नव्हताच. त्याच आकाराचा, पण प्रवासी जीपगाड्यांसाठी बनविलेला तो टायर होता. तो रिमवर चपखल बसला, गाडी पूर्वीपेक्षा मऊ चालू लागली आणि पैसेही कमी पडले. ८०० किलो पेलणाऱ्या त्या टायरवर दर फेरीस ८९५ किलो पडत होते. मऊ चालण्याचे कारणही हेच: अशा टायरची कूस पातळ असते, ती अधिक लवते. प्रवाशांना जे सुखाचे तेच ओढणाऱ्या गाडीला घातक, कारण मागे टांगलेली मोटार डोलू लागली की लवचिक कूस त्या डोलण्याला साथ देते.

याच आकाराचा मालवाहू टायर निराळा मिळतो. त्याच्या आकड्याजवळ 'एल. टी.' ही अक्षरे असतात आणि पुष्कळदा 'पी. आर.' असे लिहून ६, ८, १० असा आकडा दिलेला असतो. पूर्वी टायरच्या अंगात सुती कापडाचे थर घालीत, आणि जितके थर तितका टायर मजबूत असे मानीत. आता सूत गेले. नायलॉन, पॉलिएस्टर व पोलादी तार आली आणि थरही कमी लागू लागले. तो आकडा मात्र बळाचे माप म्हणून राहिला आहे. आठ पी. आर. म्हणजे आत आठ थर आहेत असे नव्हे. दुकानदार तसे सांगू लागला तर वाद घालू नये, भारांक पाहावा.

तथापि भारांकही बिनशर्त नसतो. कुशीवर लिहिलेला कमाल भार हा तेथेच लिहिलेल्या हवेच्या दाबाला लागू असतो. भारांक १०६ असलेल्या दादांच्या नव्या टायरला पूर्ण भार पेलण्यासाठी ६५ पौंड हवा लागते. त्यात पस्तीस पौंड भरून त्याच्याकडून ९५० किलोंची अपेक्षा करणे म्हणजे अर्धपोटी हमालाच्या डोक्यावर पूर्ण पोते देण्यासारखे आहे. आणि येथेच त्या अपघाताचे दुसरे कारण सापडले. गल्लीतील पंक्चरवाला सगळ्या गाड्यांत अंदाजाने, टायरला लाथ मारून आवाज ऐकत हवा भरतो. आधीच दुबळा टायर, त्यात हवा कमी.

हवा कमी असली की काय होते? टायरचा जमिनीला टेकणारा भाग दबतो, कूस फुगते, आणि वर गेल्यावर पुन्हा सरळ होते. दादांच्या टायरचा घेर सुमारे २.२ मीटर आहे, म्हणजे एका किलोमीटरला साधारण ४५० फेरे. कोलकात्याहून बर्धमान शंभरेक किलोमीटर. तेवढ्या प्रवासात ती कूस पंचेचाळीस हजार वेळा वाकते आणि सरळ होते. लोखंडी तार हातात धरून मागे-पुढे वाकवली तर ती गरम होते आणि अखेर तुटते, हे लहान मुलेही करून पाहतात. टायरची कूस जितकी अधिक वाकते तितकी उष्णता अधिक. आणि रबर उष्णता लवकर बाहेर टाकीत नाही. आतील थरांना जोडणारे रबर सैल पडू लागते, थर सुटतात, आणि मग एखाद्या चढणीवर, जेथे सारा भार मागच्या चाकांवर येतो, तेथे टायर फुटतो. बाहेरची नक्षी त्या वेळी नवी कोरी असू शकते. दादांच्या प्रश्नाचे हे उत्तर होते. टायर झिजून फुटला नव्हता. तो आतून भाजून फुटला होता.

हवा मोजावयाची ती गाडी थंड असताना, सकाळी निघण्यापूर्वी. धावून आलेल्या टायरमधील दाब वाढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडणारे लोक पुष्कळ आहेत, आणि ती मोठी चूक आहे. थंड झाल्यावर त्याच टायरमध्ये हवा कमी भरते. दाब मोजण्याचे स्वतःचे लहानसे गेज गाडीत ठेवावे. त्याची किंमत एका टायरच्या मानाने काहीच नाही.

दुकानात दादांच्या समोर तीन मार्ग होते. पहिला, पुन्हा तेच स्वस्त प्रवासी टायर; तो हिशेबानंतर आपोआप बाद झाला. दुसरा, रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरच्या सांगाड्यावर नवे रबर चढविलेला टायर. रिमोल्डविषयी सरसकट वाईट बोलणे मला अन्यायाचे वाटते. मोठ्या ट्रकांच्या मागच्या जोडचाकांवर चांगल्या सांगाड्याचे रिमोल्ड वर्षानुवर्षे चालतात आणि त्यामुळे पुष्कळ रबर वाचते. परंतु तेथे एक टायर गेला तर शेजारचा क्षणभर भार सावरतो. दादांच्या गाडीला प्रत्येक बाजूस एकच चाक. शिवाय रिमोल्ड करणाऱ्याने वरचे रबर नवे दिले तरी सांगाडा पूर्वी कोणी, किती ओझ्याखाली, किती कमी हवेवर चालविला हे कळण्यास मार्ग नसतो. पुढच्या, वळणाच्या चाकांना तर रिमोल्ड लावूच नये. याहून भयंकर प्रकार म्हणजे गोटा झालेल्या टायरवर तापलेल्या हत्याराने नव्या रेघा कोरून तो विकणे. त्या रेघांच्या तळाशी रबर जवळजवळ उरलेले नसते. रेघेच्या तळात बोट घातले असता तारेचा किंवा दोऱ्याचा खडबडीत स्पर्श लागला, तर त्या दुकानातून निमूटपणे बाहेर पडावे.

तिसरा मार्ग नव्या मालवाहू टायरांचा. त्यांची किंमत चौघांची मिळून एवढी होती की दादा दोन दिवस गप्प राहिले. घराच्या गच्चीची गळती काढण्यासाठी ठेवलेले पैसे त्यात जाणार होते. ते म्हणाले, "मागचे दोन चांगले घेऊ, पुढे जुनेच चालवू." कागदावर हे शहाणपणाचे दिसते, आणि मागची चाके अधिक भार घेतात म्हणून नवी जोडी मागे घालणे योग्यही आहे. पण पुढचे टायरही त्याच प्रवासी जातीचे होते. ओझे टांगल्यावर पुढची चाके आधीच २२० किलोंनी हलकी होतात. त्यांच्यावर गाडी वळविण्याची आणि ब्रेकचीही बरीच जबाबदारी असते. अशा वेळी पुढे मऊ कुशीचे, झिजलेले टायर आणि मागे ताठ कुशीचे नवे टायर, म्हणजे एका गाडीत दोन स्वभाव. एकाच धुरीवर तर दोन जातींचे टायर केव्हाही घालू नयेत. रेडियल आणि जुन्या पद्धतीचा नायलॉन टायर यांची जोडी विशेषतः वर्ज्य. अखेर बौदींनी विषय संपविला. त्या म्हणाल्या, "गच्ची गळेल तर खाली बादली ठेवता येईल."

खरेदीसाठी आम्ही मल्लिकबाजार ओलांडून पुढे गेलो. हा जुन्या मोटारसामानाचा प्रसिद्ध बाजार ज्या सर्क्युलर रोडवर आहे, त्याच्या उत्तरेकडील भागाचा इतिहास मराठी मनुष्याला चुकविता येत नाही. १७४२ साली मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या भीतीने कोलकात्याच्या लोकांनी शहराभोवती जो 'मराठा खंदक' खणावयास घेतला, तो पुढे बुजवून त्या बाजूने हा रस्ता झाला. मराठे आलेच नाहीत, आणि खंदकही पुरा झाला नाही. दादांना मी ही हकीकत सांगितली तेव्हा ते म्हणाले, "आले असते तर टायर स्वस्त झाले असते काय?"

दुकानात त्यांनी प्रथम भारांक पाहिला, मग आय. एस. आय. चे चिन्ह, आणि मग मी सांगितल्यावरून कुशीवरील लांबोळ्या चौकटीतील चार आकडे. हे आकडे टायर केव्हा बनला ते सांगतात: पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. २३२५ असे असेल तर तो २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यातील. चार टायरांपैकी एक अडीच वर्षे गोदामात पडलेला निघाला. रबर न वापरताही वयाने ताठरते, विशेषतः आमच्याकडील उष्म्यात आणि दमटपणात. दादांनी तो परत देऊन दुसरा मागितला. दुकानदाराने कुरकुर केली, पण दिला. चारही टायरांची निर्मिती-तारीख पावतीवर लिहून घेण्याची कल्पना बौदींची.

नक्षीच्या बाबतीत दुकानदार खोल ठोकळ्यांच्या, चिखलात चालणाऱ्या टायरांची शिफारस करीत होता. खेड्यातील कच्च्या रस्त्यावर ते उत्तम. परंतु दादांची गाडी डांबरावर, ट्रामच्या उरलेल्या रुळांवरून आणि ठनठनियासारख्या, पाऊस पडला की तळे होणाऱ्या भागातून जाते. तेथे पाणी बाजूला सारणाऱ्या लांब, सलग खाचा हव्यात. कायद्याच्या दृष्टीने खाच १.६ मिलिमीटरपर्यंत झिजू शकते, आणि तेवढी झिज दाखविणाऱ्या लहान उंचवट्यांच्या खुणा टायरमध्येच असतात. मात्र पावसाळ्यात ओझे ओढावयाचे असेल तर ३ मिलिमीटरला टायर बदलण्याचा विचार सुरू करावा असे माझे मत आहे. ओल्या रस्त्यावरील पकडीची किमान मर्यादाही केंद्र शासनाने २०२२ साली ठरवून दिली आणि ती पुढील वर्षापासून लागू झाली. त्यामुळे नवीन बनावटीचा टायर घेण्यात हाही एक लाभ आहे.

स्टेपनीचा प्रश्न राहिला. वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवर विसाव्या शतकाच्या आरंभी जादा चाक विकणारी एक कंपनी होती. तिचे नाव इंग्रज लोक विसरले; आपण मात्र अजून घेतो. दादांच्या गाडीची स्टेपनी म्हणजे जुना प्रवासी टायर. ओझे टांगलेले असताना तो मागे घालावयाचा नाही, टांगलेली मोटार आधी खाली उतरवावयाची आणि रिकाम्या गाडीने गॅरेज गाठावयाचे, असे ठरले. पैसे जमतील तेव्हा पाचवा टायरही त्याच जातीचा घ्यावयाचा आहे.

आणखी एक गोष्ट त्यांनी खडूने क्रेनच्या खांबावर लिहून ठेवली आहे. नवा टायर ९५० किलोंचा, ॲम्बॅसेडर उचलल्यावर पडतात ८९५. म्हणजे हाताशी उरतात अवघे ५५ किलो. टायर मजबूत घातला म्हणून गाडीच्या आर. सी. बुकातील वजनाची मर्यादा वाढत नाही, आणि धुरी, स्प्रिंगा व ब्रेक पूर्वीचेच राहतात. म्हणून याहून जड मोटार आली तर काम घ्यावयाचे नाही, मोठ्या रेकरवाल्याचा फोन नंबर द्यावयाचा. गेल्या महिन्यात अशी दोन कामे त्यांनी नाकारली. त्यातील एका गिऱ्हाइकाने त्यांना भित्रा म्हटले, हे ते हसत सांगतात. पण ते पैसे त्यांना हवे होते हेही दिसत होते. मुलगा आता हौद्यात उभा राहत नाही. तो पुढे वडिलांच्या शेजारी बसतो, आणि निघण्यापूर्वी चारही टायरांची हवा गेजने पाहून वहीत लिहितो. त्याचे मनगट बरे झाले आहे, पण पावसाळी हवेत दुखते.

काढलेल्या जुन्या टायरांचे काय करावे हा प्रश्न दादांना मी विचारला, कारण या शहरात टायरमध्ये साचलेल्या पाण्यात डासांची पैदास होते आणि त्यांपासून डेंग्यू पसरतो. दोन टायर त्यांनी हातगाडी ओढणाऱ्या एका मनुष्यास देऊ केले होते. पण ते पुन्हा कोणाच्या पिकअपला लागतील या शंकेने त्यांनी आधी त्यांच्या कुशी करवतीने कापून टाकल्या. तिसऱ्याला तळाशी भोके पाडून बौदींनी त्यात पुईच्या भाजीचा वेल लावला आहे. फुटलेला चौथा अजून गॅरेजच्या दारात भिंतीला टेकवून ठेवला आहे. गाडीचे टायर बदलावयास कोणी आले की दादा त्याच्या कुशीवरचा तो १०० चा आकडा बोटाने दाखवितात.